उठल्याचा आवाज

१

तो आवाज त्यानं पहिल्यांदा ऐकला तेव्हा बाकावर बसल्यावर त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. चर्च माणसांनी गच्च भरलेलं होतं. पाळकांनी हळू आवाजात काहीतरी म्हटलं आणि सगळीच्या सगळी माणसं एकदम खाली गेली. आधी कपड्यांची सळसळ, मग बाकांची कुरकुर, आणि मग उशांवर गुडघे टेकल्याचा एकच मऊ, जड आवाज. माणसं नव्हे, ती इमारतच दमून खाली बसली असं त्याला वाटलं. त्यानं घाबरून आईचा हात धरला. आई कानात म्हणाली, "गप. सगळे आपापल्या चुका कबूल करतायत." मोठी माणसंही चुकतात हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि त्याची त्याला जरा गंमतच वाटली.

मग पाळक एकटे उभे राहिले, लोकांकडे वळले, हात उचलून क्षमेचं वाक्य म्हणाले. सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि दुसरा आवाज आला. उठल्याचा. पहिला आवाज एकदम आला होता, हा सुटा सुटा आला. कुणाचा सांधा वाजला, कुणी सुस्कारा टाकला, कुणी खाकरलं, उशा पुढच्या बाकाच्या आकड्यांना टकटक अडकल्या. पोराला हा दुसरा आवाज फार आवडला. सगळं निभावलं, आता घरी जाऊन जेवायचं, असा तो आवाज होता.

पुढं तो गाद्या भरायचा धंदा शिकला, आणि चर्चमधल्या गुडघ्यांखालच्या उशा भरायचं काम आपसूक त्याच्या गळ्यात पडलं. लोक त्याला गादीकाका म्हणू लागले. शाळा त्याची बेताचीच झाली होती, पण प्रार्थनेचं पुस्तक त्याला पाठ होतं. त्याच्या बायकोलाही. तिला तर वाचताच येत नव्हतं, सगळं कानानं उचललेलं. तिचा डावा गुडघा दुखरा, म्हणून तिच्या उशीत त्यानं डाव्या अंगाला कापूस जास्त घातला होता. ती उशी दिसायला वाकडी दिसे, आणि बायका तिला हसत.

कबुलीच्या प्रार्थनेत आपण हरवलेल्या मेंढरांसारखे भरकटलो असं एक वाक्य होतं. बायको तिथं लग्नाच्या आधीपासून 'हरलेल्या' म्हणायची. एक अक्षर कमी, त्यामुळं बाकीच्यांच्या जरा पुढं निघून जायची आणि मग ओळीच्या टोकाला उभी राहून सगळ्यांची वाट बघायची. त्यानं तिला किती वेळा चिडवलं. म्हणाला, अगं, मेंढरं कुठं कधी हरतात? ती म्हणाली, "हरली नसती तर कापली कशाला गेली असती? तुम्ही तुमचं नीट म्हणा."

ती गेल्याला आता वर्ष होत आलं होतं. तिची उशी त्यानं तशीच आकड्याला राहू दिली होती.

२

चर्च जुन्या रीतीचं. आपला विश्वास सांगणारा मतांगीकार म्हणताना सगळे वेदीकडे तोंड करून उभे राहणार, प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला कठड्यापाशी गुडघे टेकूनच घेणार, आणि मेलेल्या माणसासाठी क्षमा मागणार नाहीत. तो आता देवाच्या हाती गेला, आपण मधे बोलायचं नाही, अशी त्यांची समजूत. प्रार्थनेचं नवं पुस्तक निघालं तेव्हा बिशपांकडून खोकंभर प्रती आल्या होत्या. ते खोकं वेदीमागच्या खोलीत न फोडता पडून राहिलं, आणि बाजा वाजवणारी बाजाबाई त्याच्यावर आपला चहाचा थर्मास ठेवू लागली. जुन्या रीतीचा त्यांना अभिमान होता. पण पोरं गावं सोडून गेली, म्हातारी माणसं मातीत गेली, आणि अभिमान धरायला तिघंच उरले. गादीकाका, बाजाबाई आणि एक निवृत्त पोस्टमन.

तिघं म्हणजे काठावरचा आकडा. पाळकांखेरीज निदान तिघं भोजनाला असल्याशिवाय प्रभुभोजन करायचं नाही, असा जुना नियम आहे. पोस्टमन मुलाकडे राहायला गेला आणि तो काठही सुटला. जाताना चर्चची किल्ली त्याच्या खिशात राहिली. ती त्यानं टपालानं परत पाठवली, पाकिटावर कमी तिकीट लावून. बाजाबाई म्हणाली की जन्मभर लोकांकडून दंड घेतला, आता जाताना आपल्याला लावून गेला.

पाळक तरुण होते, भले होते. त्यांच्याकडे आणखी बरीच चर्चेस. दोघांसाठी त्यांना इतक्या लांब पाठवायला वरचे तयार नव्हते. त्यांनी गादीकाकाला शेजारी बसवून सांगितलं की तिसरं माणूस मिळालं की कळवा, मी येतो. नाहीच मिळालं तर मात्र चर्चला कुलूप लागेल. तोवर रविवारी तुम्हीच पुस्तकातून प्रार्थना म्हणा.

"एवढं एक सांभाळा, काका," ते म्हणाले. "कबुलीनंतरचं क्षमेचं वाक्य तुम्ही म्हणायचं नाही. ते पाळकाच्याच तोंडी आहे. तेवढं सोडून पुढं जा."

त्यात काय, गादीकाका म्हणाला. सोडून जाईन.

पहिल्या रविवारी त्यानं घंटा वाजवली. बाजाबाई बाजावर बसली. तो वेदीकडे तोंड करून पहिल्या बाकापाशी उभा राहिला, ओळीखाली बोट धरून. मागं सगळी बाकं रिकामी होती. तरी कबुलीची वेळ आली तेव्हा त्यानं सवयीनं, भरल्या चर्चला सांगावं तसं मोठ्यानं म्हटलं, "चला, गुडघे टेकू या." आणि स्वतः टेकला.

मागून आवाज आला. सळसळ, कुरकुर, आणि मग तोच, मऊ, जड.

लाकूड जुनं आहे, त्यानं स्वतःला सांगितलं. ऊन चढलं की लाकूड बोलतं. पाखरं असतील छतात. म्हातारपणी कानात स्वतःचंच रक्त ऐकू येतं, डॉक्टर म्हणालाच होता. असं सगळं भराभर सांगून तो कबुली म्हणू लागला. त्याचा आवाज, बाजाबाईचा चिरका आवाज, आणि त्या दोन्हींच्या खाली एक गुणगुण, बंद खोलीत पलीकडे माणसं बोलत असावीत तशी. मेंढरांची ओळ आली. तो 'हरवलेल्या' म्हणाला, आणि त्याच्या जरा आधी, डाव्या बाजूला, दुसऱ्या रांगेच्या अंतरावरून कुणीतरी 'हरलेल्या' म्हणालं. मग ओळीच्या टोकाला जाऊन गप्प राहिलं. त्याची वाट बघत.

त्यानं मागं पाहिलं नाही. कबुली चालू असताना मागं पाहायचं नसतं, आणि त्या क्षणी ही रीत असल्याबद्दल त्यानं देवाचे आभार मानले. कबुली संपली. त्याचं बोट क्षमेच्या वाक्यावर आलं, तिथं थांबलं, आणि सांगितल्याप्रमाणे खाली सरकलं. तो बाकाला धरून उठला. बाजाबाईही उठली असावी, कारण तिचं स्टूल वाजलं.

बाकी कुणी उठलं नाही. उठल्याचा आवाज आलाच नाही.

३

प्रार्थना संपवून तो वळला तेव्हा बाकं रिकामीच होती. फक्त उशा आकड्यांवर नव्हत्या. रांगेनं सगळ्या खाली जमिनीवर होत्या, ज्याच्या त्याच्या जागी, आणि प्रत्येकीत दोन खळगे पडलेले. वाऱ्यानं पडल्या असतील असं त्याला म्हणावंसं वाटलं. पण वारा उशी आकड्यातून काढून सरळ मांडत नाही.

तो बायकोच्या बाकापाशी गेला. वाकडी उशी खाली होती आणि जिथं त्यानं जास्त कापूस भरला होता तिथंच जास्त दबली होती. त्यानं ती उचलायला हात घातला. उशी हलली नाही. त्यानं जरा ओढली. झोपलेल्या माणसाच्या अंगाखालून चादर ओढताना लागतो तसा जोर हाताला लागला. त्यानं पटकन हात काढून घेतला.

"बरं, बरं," तो पुटपुटला. "राहू दे."

बाजाबाई थर्मास पिशवीत घालत होती. त्यानं आडून आडून विचारलं की आज काही ऐकू आलं का. ती म्हणाली, "दादा, मला माझाच बाजा ऐकू येत नाही, आणि हे माझं भाग्य आहे असं लोक म्हणतात." मग पिशवीची गाठ मारता मारता सहज म्हणाली, "मी आज गाणं धरायला थांबून राहिले हो. सगळे उठले की धरायचं असतं ना. किती थांबायचं माणसानं?"

कोण सगळे, असं त्यानं विचारलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग बाकांकडे पाहिलं, आणि ती आपली पिशवी घेऊन जरा घाईनंच बाहेर पडली.

त्या आठवड्यात तो रोज चर्चमध्ये गेला. पितळ पुसलं, जाळी काढली. दिवसाढवळ्या, खिडक्यांतून लख्ख ऊन आत येत असताना, त्याला तिथं मोठ्यानं पाऊल टाकवेना. भरलेली खोली आणि रिकामी खोली यांत फरक असतो, डोळे मिटले तरी कळतो. भरल्या खोलीत आवाज लांब जात नाही, माणसं तो पिऊन टाकतात. त्याच्या हातातून फडक्याचा डबा पडला तेव्हा तो मातीत पडावा तसा वाजला.

काम करता करता त्याला हळूहळू उमगत गेलं. टेकायला त्यांना आपणच सांगितलं. भरल्या घरात सांगावं तसं, मोठ्यानं. त्यांनी जन्मभर ऐकलं तसं आताही ऐकलं. आणि उठा म्हणून सांगणारं वाक्य आपण गाळलं. क्षमा ऐकल्याशिवाय उठायचं नाही, हे या चर्चमध्ये पोरांनासुद्धा ठाऊक होतं. ही माणसं तर शिस्तीची. ती उठणार नाहीत. कुलूप लागलं तरी ती उठणार नाहीत.

त्याला तिचा डावा गुडघा आठवला.

त्यानं ते वाक्य स्वतःच म्हणून पाहिलं. नियम मोडतोय हे त्याला कळत होतं. पाळक उभे राहतात तिथं, वेदीपुढं तो उभा राहिला, हात उचलला, आणि पाठ असलेलं वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत न चुकता म्हटलं. वाक्य संपलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग बाकाबाकांतून एक बारीक सळसळ आली. ती उठल्याची नव्हती. ज्याला बोलायचा हक्क नाही असं कुणी बोललं की माणसं मान आणखी खाली घालतात, तशी ती होती. सगळे आणखी थोडे वाकले होते.

४

मुलगी त्याच्याच घरात राहायची. एका मोठ्या धुलाईच्या दुकानात इस्त्रीचं काम करायची. आईच्या दफनाच्या दिवसानंतर ती चर्चच्या पायरीवर चढली नव्हती. त्यानं तिला हे सगळं सांगितलं नाही. म्हातारा भ्रमिष्ट झाला असं तिला वाटलं असतं, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यालाही तसंच वाटायचं. तिसरं माणूस नसेल तर कुलूप लागेल, एवढंच तो म्हणाला.

लागू दे, असं ती म्हणाली. इस्त्री करावी तशी ती बोलायची, एकदा फिरवलं की सुरकुती उरायची नाही. आईनं आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही. तरी दर रविवारी मी चुकले, मी चुकले म्हणत गुडघे झिजवले. मरताना तोंडात तेच होतं. "सांगा ना, बाबा. कशाची माफी मागत होती ती? आणि मिळाली का?"

त्यानं ताटातला घास बाजूला सारला. म्हणाला, "तेच बघायचंय, पोरी. एकदा ये."

तिनं त्याचं ताट उचललं, आणि त्याला कळलं की येईल.

पाळकांना त्यानं फोन केला. तिसरं माणूस मिळालं म्हटल्यावर ते मनापासून खूश झाले. मग त्यानं भीत भीत विचारलं की मतांगीकारात आपण पवित्र जनांची संगत म्हणतो, म्हणजे गेलेले आणि आपण एकाच मंडळीतले, ते खरं ना? पाळक म्हणाले, खरंच, काका, अगदी खरं. तेवढाच तर आपल्याला आधार आहे. ते विसाव्यात आहेत.

"विसावलेली माणसं गुडघ्यावर असतात का हो, साहेब?"

पाळक हळुवारपणे म्हणाले की काकूंची आठवण येते ना, येणारच, रविवारी बोलू.

५

रविवार उजाडला तो स्वच्छ उन्हाचा. गादीकाकानं वेदीवरचं पितळी ताट दोनदा पुसलं आणि नेहमीप्रमाणे भिंतीला टेकवून उभं ठेवलं. घंटा त्यानं जरा जास्तच वेळ वाजवली. त्याला आशा वाटत होती. पाळक आले आहेत. आज वाक्य म्हटलं जाईल. आज तो दुसरा आवाज ऐकायला मिळेल, सुटा सुटा, सांधे वाजत, सुस्कारे टाकत. मग त्यांनी कुठं जायचं तिथं जावं. त्यानंतर कुलूप लागलं तरी चालेल.

मुलगी इस्त्री केलेले कडक कपडे घालून आली. तो तिला पहिल्या बाकावर आपल्याशेजारी घेऊन बसला. रिकाम्या रांगांमधून येताना ती थबकली आणि म्हणाली, "या उशा खाली का टाकल्यात?" तो म्हणाला, असू दे.

पाळक वेदीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी कबुलीला बोलावलं आणि तेही तसेच, पाठमोरेच, खाली टेकले. बापलेक टेकले. बाजाबाई बाजापाशी टेकली. या वेळी मागून टेकल्याचा आवाज आला नाही. कसा येणार? ते टेकलेलेच होते.

कबुली सुरू झाली तशी ती गुणगुणही सुरू झाली, आज जास्त स्पष्ट, जास्त थकलेली. घसा बसेपर्यंत एकच वाक्य म्हणत राहावं तशी. गादीकाकाला कळलं की आठवडाभर ती थांबलेलीच नव्हती. मेंढरांची ओळ आली.

"हरलेल्या," मागून कुणी म्हणालं.

मुलीनं त्याचं मनगट घट्ट धरलं. ती वळू नये म्हणून त्यानं तिच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली. "आई आहे."

"हो. आता सुटेल. थांब."

कबुली संपली. पाळक उठले. जुन्या रीतीत सगळ्या उपासनेत हाच एक क्षण असतो, जेव्हा बाकी सगळ्यांच्या माना खाली असतात आणि फक्त पाळक लोकांकडे तोंड करून उभा असतो. ते वळले, त्यांनी हात उचलला.

"सर्वसमर्थ देव," ते म्हणाले. आणि थांबले.

गादीकाका वाट बघत राहिला. पुढचा शब्द आला नाही. त्यानं जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं, मान वर केली. पाळकांचा हात तसाच वर होता. त्यांचे डोळे पहिल्या रांगेवरून दुसऱ्या रांगेवर गेले, मग तिसऱ्या, आणि तसे जात राहिले, दारापर्यंत, आणि दाराबाहेर, जिथं थडगी होती तिथपर्यंत. त्यांचे ओठ हलत होते. शब्द येत नव्हता. पानावर होता, पाठही होता, तरी येत नव्हता. इतक्या जणांना पुरेल एवढं आपल्या तोंडात काही नाही, हे ज्याला एकाएकी कळलंय अशा माणसाचा तो चेहरा होता.

त्यांच्या खांद्यामागं पितळी ताट चकाकत होतं. गादीकाकाची नजर तिथं गेली. ताटात चर्च उलटं, वाकडं दिसत होतं, आणि त्यात काळपट, गोल, वाकलेलं काहीतरी ओळीनं होतं, एकामागं एक. त्यातलं एक, डाव्या हाताला, एका अंगावर भार देऊन टेकलेलं, जरा वर उचललं गेलं होतं. ओळीच्या टोकाला उभं राहून वाट बघावी तसं.

त्यानं डोळे मिटले. पितळ आहे, तो मनात म्हणाला. आपणच घासलंय. पितळात काहीही दिसतं.

डोळे उघडले तेव्हा पाळकांचा हात खाली आला होता. त्यांनी पुस्तक मिटलं, आवाज होऊ नये अशा बेतानं, आणि ते वेदीवर ठेवलं. ते कठड्याच्या फाटकापाशी आले. समोर मधली वाट सरळ दारापर्यंत मोकळी होती. त्यांनी त्या वाटेकडे पाहिलं आणि ते तिच्यावर उतरले नाहीत.

"साहेब," गादीकाका म्हणाला. त्याचा स्वर विनवणीचा होता, घरात आजारी माणूस असताना डॉक्टर उठून निघाला की येतो तसा. "तेवढं एक वाक्य. तेवढं म्हणून जा. तिचा गुडघा दुखतो हो."

पाळकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते भिंतीकडेनं निघाले, अंग चोरून, आडवं होऊन, प्रत्येक पाऊल उंच उचलून आणि जागा चाचपून खाली ठेवत. खचाखच भरलेल्या जागेतून कुणाच्या पायावर पाय पडू नये म्हणून माणूस निघतो तसे. बाजाबाई बाजावर हात ठेवून होती. सगळे उठले की पहिला सूर धरायचा, म्हणून थांबलेली. मुलगी रडत होती, पण तिनंही मान वर केली नाही. गादीकाकानं उठायचा प्रयत्न केला. गुडघे त्याचे होते, उशी त्यानंच भरलेली होती. पण आमेन अजून झालं नव्हतं, आणि त्याचं अंग उठेना.

दारापाशी पाळक एकदा अडखळले. टोक कुणी धरावं तसा त्यांचा झगा मागं ताणला गेला होता. ते वाकले, लहान पोराची मूठ सोडवावी तसं त्यांनी ते टोक हळूच सोडवून घेतलं, आणि ते उन्हात निघून गेले.